नळ्या बदलल्या तरी पेट्रोलचा वास परत का येतो? जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंधनवाहिनीचं निदान

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांकडून एक तक्रार सतत कानावर येते. पेट्रोलचा वास येत होता म्हणून नळ्या बदलून घेतल्या, काही महिने बरे गेले, आता परत वास यायला लागला. किंवा गाडी चढावर आचके देत होती, नवे होज टाकल्यावर चार दिवस झकास पळाली आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग संशय पंपावर जातो आणि पंप बदलला जातो. त्यानंतर कार्ब्युरेटर उघडला जातो. शेवटी इग्निशन कॉइलसुद्धा नवी येते. दुखणं जागच्या जागी राहतं.

बॉनेट उघडल्यावर दिसतात तेवढ्याच नळ्या बदलल्या की हे असं होतं. इंधनवाहिनी टाकीच्या तळाशी सुरू होते आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलमध्ये, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल सोडणाऱ्या नीडलच्या झडपेपाशी संपते. मधे रबर, धातू, पंप, फिल्टर, पुन्हा धातू, पुन्हा रबर असा प्रवास असतो आणि प्रत्येक सांध्यावर गळतीला किंवा हवा शिरायला जागा असते. पुढची दोन-तीन फूट नळी नवी आणि बाकीचा मार्ग पन्नास वर्षांचा, अशी स्थिती असेल तर दुरुस्ती झालीच नाही असं मी धरतो. त्यामुळे कुठली नळी आणायची हा प्रश्न नंतरचा. दुखणं मार्गाच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी ठरवायचं.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर निघून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. म्हणून हे काम सर्व्हिस पिटवर कधीही करू नका. हवेत वाफेचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. शिवाय उणे ४० अंशांच्या थंडीतही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा हवा गार आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. गाडी उघड्यावर घ्या, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि कोणताही सांधा सोडण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण वायर काढताना तिथेच ठिणगी उडू शकते. काचेच्या बल्बचा हँडलॅम्प वापरू नका. तो पडून फुटला तर तापलेली तार उघडी पडते. पावडरचं किंवा फोमचं अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा, डिकीत नको.

इंजेक्शनची गाडी असेल तर बॅटरीची वायर काढण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. म्हणजे वाहिनीतला दाब बराच उतरतो. तरीही पहिला सांधा फडकं गुंडाळूनच सैल करा.

ओढणारी बाजू आणि ढकलणारी बाजू

सगळं निदान या एका भेदावर उभं आहे. पंपाच्या आधीची वाहिनी पेट्रोल ओढते, म्हणजे पंप चालू असताना तिच्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. पंपाच्या पुढच्या वाहिनीत जास्त दाब असतो. तीच तडा गेलेली नळी ओढणाऱ्या बाजूला असली तर गाडी चालू असताना थेंबही बाहेर पडत नाही, उलट हवा आत शिरते. ढकलणाऱ्या बाजूला असली तर पेट्रोल बाहेर येतं.

आता तुमच्या गाडीत पंप कुठे आहे ते पाहा. एमजीबी या ब्रिटिश गाडीमध्ये विजेवर चालणारा, एसयू कंपनीचा पंप मागे, टाकीजवळ आहे. त्यामुळे मागची छोटीशी नळी सोडली तर जवळजवळ सगळी वाहिनी ढकलणाऱ्या बाजूची ठरते. ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये पंप यांत्रिक आहे, इंजिनला लागून. तिथे उलटं गणित: टाकीपासून पुढच्या टोकापर्यंत सगळी वाहिनी ओढणारी, फक्त शेवटची थोडी नळी दाबाखाली. म्हणून स्पिटफायरमध्ये मागच्या सांध्याला भेग असली की मालक म्हणतो, “खाली तर काहीच गळत नाही, मग पेट्रोल कमी कसं पडतं?” गळत नाही हे खरंच असतं, कारण तिथे हवा ओढली जात असते.

ओढणाऱ्या बाजूच्या दुखण्याची लक्षणं ठरलेली आहेत. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्याशिवाय चालू होत नाही, कारण हवा शिरून वाहिनीतलं पेट्रोल मागे टाकीत उतरलेलं असतं. संथ चालवताना सगळं छान, पण वेग धरला किंवा लांब चढ लागला की आचके. टाकी भरलेली असताना त्रास कमी, पाव टाकीवर जास्त. टाकीतली पातळी भेगेच्या वर असेल तर उभ्या गाडीखाली ओल दिसते आणि गाडी चालू केली की ती थांबते. हे लक्षण लोकांना चक्रावून सोडतं, पण वरचा भेद डोक्यात असला की सरळ उलगडतं.

एसयू पंप असलेल्या गाड्यांचं एक मोठं सुख आहे. हा पंप स्वतःच दुखणं सांगतो. इग्निशन चालू करा, इंजिन चालू करू नका, आणि कान द्या. निरोगी वाहिनीत पंप थोडा वेळ टक-टक करतो, फ्लोट बाऊल भरले की थांबतो आणि गप्प बसतो. तो न थांबता भराभर टकटकत राहिला तर हवा ओढतोय, किंवा टाकी रिकामी आहे. थांबला, पण थोड्या थोड्या वेळाने एखादी टक ऐकू येत राहिली, तर पुढच्या बाजूला कुठेतरी दाब उतरतोय. बाहेर गळती तरी आहे किंवा कार्ब्युरेटरची नीडल नीट बसत नाही. पंपाच्या आतली झडप मागे सोडत असली तरी असंच होतं, म्हणून बाहेर ओल सापडली नाही तर तीही पाहावी. पाना हातात घेण्याआधी एवढं कळतं.

यांत्रिक पंपाच्या गाडीत पंपाच्या अगदी आधी, तपासणीपुरता, पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवा. इंजिन जागेवर चालू ठेवून बुडबुडे दिसतात का ते पाहा. अधूनमधून येणारा एखादा बुडबुडा मी मनावर घेत नाही. सलग माळ दिसली तर मागे हवा शिरतेय हे नक्की. मग टाकीपासून एकेक सांधा घ्यायचा. तपासून झालं की तो तुकडा काढून टाका. पारदर्शक नळी कायमची ठेवण्याजोगी नसते, उष्णतेने ती कडक होते आणि टोकावरून निसटते.

वाफ अडकण्याचा, म्हणजे व्हेपर लॉकचा, संबंधही इथेच आहे. दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. ओढणाऱ्या बाजूला चेपलेली नळी, तुंबलेला फिल्टर किंवा गरजेपेक्षा बारीक पाइप असेल तर तिथला दाब आणखी उतरतो आणि उन्हात पेट्रोलची वाफ होते. “उन्हाळ्यातच बंद पडते” एवढ्यावरून एक्झॉस्टभोवती कापड गुंडाळत बसण्याआधी मागचा मार्ग मोकळा आहे का ते बघा.

आणि टाकीचं झाकण. हवा आत घेणारं छिद्र बुजलं की पेट्रोल संपतं तसतसा टाकीत कमी दाब तयार होतो आणि पंपाला ओढता येईनासं होतं. गाडी बंद पडल्या पडल्या, सुरक्षित जागी, झाकण फिरवा. ‘सूं’ करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर नळ्यांना दोष देऊ नका. नंतरच्या काही गाड्यांत टाकीचा श्वास झाकणातून नसून वेगळ्या नळीतून, पेट्रोलची वाफ शोषून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यापर्यंत जातो. तिथे ती नळी तपासा.

वास कधी येतो, ते लिहून ठेवा

पेट्रोल भरल्यावर आणि वळणावर वास येत असेल तर टाकीत पेट्रोल भरण्याच्या जाड नळीकडे, टाकीच्या वरच्या श्वासनळ्यांकडे आणि इंधनमापकाच्या सेंडरखालच्या (टाकीतली पातळी मोजणाऱ्या भागाखालच्या) सीलकडे वळा. हे तीन भाग बहुतेकांच्या यादीतच नसतात. जाड नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण क्लिपखाली चिरलेली असते आणि टाकी काठोकाठ भरल्याशिवाय गळत नाही. सेंडरचं सीलही तसंच: अर्धी टाकी असेपर्यंत सगळं कोरडं.

तापलेली गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांनी बॉनेटखाली वास येणं आणि मग विरून जाणं, हे थोड्याफार प्रमाणात कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत चालायचंच. इंजिनची उष्णता वर चढते आणि फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल उकळतं. पण त्याच वेळी ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडत असतील तर तो फ्लोट-नीडलचा किंवा पंपाच्या जादा दाबाचा प्रश्न आहे. एसयू किंवा वेबर डीसीओई कार्ब्युरेटरना साधारण अडीच ते चार पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) एवढाच दाब हवा असतो. कुणी जुना पंप काढून सहा-सात पीएसआयचा बसवला असेल तर नीडल उचलली जाते आणि पेट्रोल बाहेर येतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं नळीच गळते आहे.

गाडी थंड, सगळं कोरडं, तरी बंद गॅरेजचं दार उघडलं की वास. या तिसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा नवी टाकलेली नळीच दोषी असते. एक स्वच्छ पांढरं फडकं घ्या, नळीच्या कोरड्या भागावरून, सांध्यांपासून दूर, घट्ट दाबून ओढा आणि फडक्याचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर नळीच्या भिंतीतून वाफ बाहेर झिरपते आहे.

नळीवर काय छापलंय

माठातून पाणी पाझरतं तसं रबरातून पेट्रोल पाझरतं. भेग लागत नाही. किती पाझरतं ते नळीच्या जातीवर ठरतं आणि ती जात नळीवरच छापलेली असते. एसएई या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या जे३० या मानकात आर६, आर७, आर९, आर१४ असे वर्ग आहेत. आर६ ही जुन्या पद्धतीची कार्ब्युरेटरची नळी. मानकानुसार तिच्यातून दर चौरस मीटरला दिवसाला ६०० ग्रॅमपर्यंत इंधन झिरपलं तरी ती पास होते. आर७ ची मर्यादा ५५०. आर९ ला आत फ्लुओरो-रबराचा थर असतो आणि तिची मर्यादा आहे १५. या आकड्यांकडे पाहिलं की नवी कोरी नळी टाकूनही वास का जात नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्यामुळे कार्ब्युरेटरची, कमी दाबाची गाडी असली तरी मी आर९ किंवा तशीच कमी झिरपणारी आर१४ चीच नळी वापरा असं सांगतो. आर९ महाग असते आणि जराशी कडक असते, आखूड वळणात चटकन चेपते. तिथे वळण मोठं घ्या किंवा कोनात वाकवलेला धातूचा तुकडा मधे घाला. आर१० हा वर्ग टाकीच्या आत बुडून राहणाऱ्या नळीसाठी आहे. बाकीच्या नळ्यांचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये सतत बुडून राहण्यासाठी बनवलेलं नसतं, त्या टाकीत टाकल्या तर फुगून विरघळायला लागतात.

दुसरी बाब इथेनॉलची. १९६० आणि ७० च्या दशकातल्या नळ्या, सील आणि कॉर्कची गॅस्केटं इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनली होती. ई१० किंवा ई२० (१० किंवा २० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल अशा रबरातले मऊपणा टिकवणारे घटक हळूहळू धुऊन काढतं. भरलेली असताना नळी फुगून मऊ होते, गाडी महिनोन्‌महिने उभी राहून सुकली की आक्रसते आणि तडकते. म्हणूनच हिवाळाभर झाकून ठेवलेली गाडी पहिल्याच दिवशी गळते. नळीवर इथेनॉलचा स्पष्ट उल्लेख हवा. ज्या नळीवर काहीच छापलेलं नाही, ती कितीही चांगली दिसो, पेट्रोलच्या मार्गात घालू नका. पाण्यासाठीची किंवा साधी सिलिकॉनची नळी तर अजिबात नको.

जर्मन गाड्यांत कापडी विणीची काळी नळी मूळची असते आणि दिसायलाही देखणी. अडचण अशी की वीण खालच्या रबराच्या भेगा झाकते. अशी नळी अंगठ्याने दुमडून, वीण बाजूला सारून, उजेडात पाहावी लागते. स्टीलच्या जाळीच्या नळीचंही तेच: बाहेरची जाळी चकचकीत राहते आणि आतलं रबर सडलेलं असतं. जाळीची नळी वापरायचीच असेल तर आतून पीटीएफईची (टेफ्लॉनची), तिच्या स्वतःच्या फिटिंगांसह घ्या. जाळी ज्याला घासते त्याला कापते, म्हणून वायरिंगपासून ती लांब बांधा.

दाबाचं गणित प्रत्येक गाडीचं वेगळं, आणि इथे चूक महागात पडते. ट्रायम्फ टीआर६ दोन रूपांत आली. एकीत कार्ब्युरेटर आणि यांत्रिक पंप, वाहिनीत जेमतेम काही पीएसआय. दुसरीत लुकासचं यांत्रिक इंजेक्शन, जिथे दाब १०० पीएसआयच्या वर जातो. गाडीचं नाव एकच, पण पहिलीची नळी दुसरीत घातली तर ती फुटेल. लुकास इंजेक्शनसाठी वर्गाचं नाव पुरेसं नाही, नळीवरचा कामाचा दाब वाचा. आर९ वर्गाची किमान अपेक्षा १०० पीएसआयच आहे, म्हणून त्याहून बऱ्याच वरच्या दाबाची नळी हवी. के-जेट्रॉनिक, म्हणजे बॉशचं यांत्रिक इंजेक्शन, असलेल्या गाड्यांत दाब पाच बारच्या आसपास असतो आणि मूळ नळ्या फिटिंगांवर यंत्राने दाबून बसवलेल्या असतात. तिथे क्लिपचं जुगाड करू नका, नळी बनवून घ्या.

जे दिसत नाही ते

सर्वांत जास्त फसगत करतात त्या गाडीच्या पोटातल्या नळ्या. पोर्श ९१४ हे याचं ठळक उदाहरण. १९६९ ते १९७६ मध्ये बनलेल्या या गाडीत टाकी पुढे आणि इंजिन मधोमध. पेट्रोल नेणारी आणि परत आणणारी, अशा दोन प्लास्टिकच्या नळ्या मधल्या बोगद्यातून जातात. पन्नास वर्षांत हे प्लास्टिक ठिसूळ होतं. इंजिनाजवळचे रबरी तुकडे बदलताना प्लास्टिकचं टोक नुसतं पिरगळलं तरी ते तडकतं, आणि तडा बोगद्यात, दोन सीटांच्या मधे असतो. त्यात ९१४ ची बॅटरी इंजिनाच्या कप्प्यात उजव्या कोपऱ्यात. तिचं आम्ल खाली उतरतं तिथले पत्रे गंजतात आणि आसपासच्या नळ्यांनाही ते सोडत नाही. ९१४ मध्ये फक्त मागचे होज बदलून गाडी परत देणं मला पटत नाही. बोगद्यातल्या दोन्ही वाहिन्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा नव्या योग्य नायलॉनच्या झाल्याशिवाय ते काम पूर्ण होत नाही.

लोखंडी पाइप असलेल्या गाड्यांत गंज धरतो तो पाइप पकडणाऱ्या क्लिपांच्या मागे. तिथे चिखल आणि ओल अडकून राहते. मधला भाग स्वच्छ दिसतो, म्हणून लोक पाइप चांगला आहे असं समजतात. प्रत्येक क्लिप उघडा, पाइप जरा फिरवा, खालच्या बाजूला नख मारा. पापुद्रा निघाला तर पाइप गेला. टाकीतून येणारं पाणी पाइपच्या खालच्या वळणात बसतं आणि आतूनही गंज लावतं. तो गंज पुढे जाऊन फिल्टर भरतो, आणि नवा फिल्टर घातला की तोही भरतो.

नवा पाइप कशाचा? शुद्ध तांबं वाकवायला सोपं, पण कंपनाने कडक होऊन चिरतं. मला तांबं-निकेलचा पाइप पसंत आहे. गंजत नाही, हाताने वळतो, टोक नीट फुलवता येतं. स्टेनलेस टिकतं, पण वळवायला जोर आणि चांगलं बेंडर लागतं. जुना पाइप फेकू नका, तोच नव्याचा साचा. तो तुकड्यांत निघाला तर जाड तार जागेवर वाकवून नमुना घ्या. कापल्यावर आतली कड घासून साफ करा आणि पाइप स्वच्छ पेट्रोलने धुऊन हवेने फुंकून घ्या. बारीक किस राहिला तर तो नीडलमध्ये जाऊन बसतो.

मापात इंच आणि मिलिमीटर मिसळू देऊ नका. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यावर ८ मिलिमीटरची नळी चालते. १/४ इंच म्हणजे ६.३५, त्यावर ६ ची नळी ताणून बसते आणि ताणलेलं रबर टोकालाच आधी तडकतं. ब्रिटिश गाडीला इंची आणि जर्मन-इटालियन गाडीला मिलिमीटरची नळी, हा नियम साधा आहे. मात्र मधे कुणी पंप किंवा फिल्टर बदलला असेल तर त्याची टोकं वेगळ्या मापाची निघतात. प्रत्येक टोक कॅलिपरने मोजा.

सांधा आणि क्लिप

नवी नळी, बरोबर जात, बरोबर माप, आणि तरी तीन महिन्यांनी ओल. इथे पाइपचं टोक पाहा. ज्या टोकावर नळी चढते तिथे पाइपभोवती गोल उंचवटा असायला हवा. नळी त्याच्यावरून जाते आणि क्लिप त्याच्या मागे बसते. कुणी पाइप मधेच कापून नळी चढवली असेल तर टोक सपाट असतं, आणि सपाट टोकावर कोणतीही क्लिप कायम धरत नाही. उंचवटा काढणारं फ्लेअरिंगचं अवजार मिळतं. पाइप जागेवर असतानाही हे काम होतं, थोडा वेळ लागतो एवढंच.

नळी धारदार पात्याने काटकोनात कापा, करवतीने नको. करवतीने रबराचा भुसा आत जातो आणि कड ओबडधोबड राहते. नळी २० ते २५ मिलिमीटर आत चढवा. घट्ट जात असेल तर हलक्या तेलाचा एक थेंब लावा. सीलंट कुठेही लावू नका. फ्लेअरच्या, म्हणजे टोक फुलवलेला पाइप धरणाऱ्या, नटांवर पीटीएफईची टेपही नको, कारण तिथे सील आट्यांवर होत नाही, शंकूच्या पृष्ठभागावर होतं. टेपची धागोटी मात्र सुटून कार्ब्युरेटरपर्यंत पोचते.

छिद्रं असलेल्या पट्टीची साधी वर्म क्लिप या बारीक नळ्यांवर वापरू नका. छिद्रांत रबर शिरतं, पट्टीची कड नळी कापते आणि लहान व्यासावर ती गोल बसतच नाही: स्क्रूच्या घराखाली एक सपाट जागा राहते आणि नेमकी तिथूनच ओल सुरू होते. सलग पट्टीची, कडा वर वळवलेली, छोट्या बोल्टने आवळणारी इंधन-इंजेक्शनची क्लिप घ्या, आणि ती नळीच्या मापाचीच घ्या. आवळताना रबर कडेवरून फुगून वर येईपर्यंत थांबू नका. पट्टी रबरात जराशी बसली, नळी हाताने फिरत नाही, एवढं पुरे. जास्त आवळलेली क्लिप काही महिन्यांत सैल होते, कारण खालचं रबर दबून बसतं. मग ती पुन्हा आवळली जाते आणि नळी कापत जाते. “परत परत गळतं” यातला मोठा वाटा या आवळण्याचा आहे.

इंजिन हलतं, बॉडी हलत नाही. या दोघांमधली नळी थोडी ढिली ठेवा, ताठ नको. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट आणि पाइपवर रबर लावलेल्या पी-क्लिपा हव्यातच. एक्झॉस्टजवळून जाणारा मार्ग मुळातच बदलता येत असेल तर बदला.

बदलल्यानंतर काळे कण

नळ्या बदलल्यावर काही दिवसांत कार्ब्युरेटर ओसंडू लागला तर फ्लोट बाऊल उघडून तळ पाहा. काळे, मऊ, बोटाला डाग पाडणारे कण असतील तर कुठली तरी जुनी नळी अजून मार्गात आहे आणि ती आतून झडते आहे. लालसर, खरखरीत कण म्हणजे टाकीचा किंवा पाइपचा गंज.

काढलेली प्रत्येक जुनी नळी उभी चिरून पाहण्याची सवय मला फार उपयोगाची वाटते. बाहेरून गुळगुळीत असलेल्या नळीत आतला थर सुटून लोंबत असतो. पेट्रोलचा प्रवाह वाढला की तो पापुद्रा वळतो आणि वाट अडवतो. प्रवाह थांबला की परत जागेवर येतो. गाडी बंद पडते, पाच मिनिटांत चालू होते, गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. अशी नळी फुंकर मारून तपासली तर मोकळीच वाटते, कारण फुंकरीने पापुद्रा भिंतीला चिकटतो. चिरल्याशिवाय तो दिसत नाही.

फिल्टर पंपाच्या आधी असेल तर मोकळ्या जाळीचा, पंपाच्या पुढे बारीक कागदाचा. काचेचे दिखाऊ फिल्टर बॉनेटखाली नकोत. त्यांची सीलं आवळण्यावर टिकून असतात आणि काच एका धक्क्यात जाते.

जोडून झाल्यावरची तपासणी

पंप चालू करा, इंजिन बंद ठेवा आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू कागद फिरवा. डोळ्यांना दिसण्याआधी ओल कागदावर दिसते. मग इंजिन चालू करून तेच करा, आणि गाडी तापवून, बंद करून, अर्ध्या तासाने पुन्हा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवा. पेट्रोल उडून जातं, पण पिवळट-तपकिरी कडा मागे ठेवतं.

पुरवठा पुरेसा आहे का हेही मोजून घ्या. १०० अश्वशक्तीच्या कार्ब्युरेटर इंजिनला पूर्ण जोर लावताना तासाला साधारण ३० लिटर, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर पेट्रोल लागतं. विजेचा पंप असेल तर कार्ब्युरेटरजवळची नळी पेट्रोलच्या मापाच्या डब्यात सोडून एका मिनिटात किती येतं ते बघा. हे करताना इंजिन थंड हवं आणि स्विचजवळ दुसरा माणूस उभा हवा. तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये नेमका आकडा दिलेला असेल तर तोच धरा. येणारं पेट्रोल या गरजेच्या आसपासच घुटमळत असेल तर पंपाला हात लावण्याआधी टाकीतली जाळी आणि ओढणारी बाजू तपासा. टाकीत दाबाची हवा मात्र कधीही सोडू नका. जुना पत्रा ती झेलू शकत नाही, आणि आत वाफ असते.

पहिल्या आठवड्याच्या चालवण्यानंतर सगळ्या क्लिपा एकदा पाहा, गरज असेल तिथेच पाव आटा द्या. प्रत्येक नळीवरची छपाई दिसेल अशा बाजूने ती बसवा, आणि टाकल्याचा महिना-वर्ष गाडीच्या वहीत लिहा. रबरी नळ्या पाच वर्षांनी, गाडी कितीही कमी चालली असली तरी, काढून चिरून पाहण्यासारख्या होतात. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तर त्याआधीच.

हे सगळं करूनही बंद गॅरेजमध्ये वास राहिलाच तर नळ्या सोडा आणि पंपाच्या सांध्याचं गॅस्केट, यांत्रिक पंपाचा पडदा आणि इंजिनचं तेल तपासा. पडदा फाटला की पेट्रोल सरळ तेलात उतरतं. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली आणि तेलाला पेट्रोलचा वास असेल तर इंजिन चालू करू नका. आधी पंप उतरवा, मग तेल बदला.